मोटारसायकल आणि मामाची संमती

“लाथ मारायच्या आधी नाक लाव,” असे माझे पती मला लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाले होते. ते मोटारसायकलविषयी बोलत होते. हा कागद लिहायला बसले तेव्हा आधी हेच वाक्य आठवले, म्हणून वर लिहिले. वकीलसाहेबांनी खोडायला सांगितले. राहू द्यावे.

मी, बद्रुन्निसा खाजा तांबोळी, वय ४६, नोकरी आरोग्य सेविका, राहणार खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि मी कोणाच्या धाकात नाही. थकले आहे, पण थकव्याला कायद्याची हरकत नाही असे कळले. दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डायलिसिसला नगरला जाते आणि मधले दिवस त्या जाण्यातून सावरण्यात जातात.

१. माझे पती, ज्यांना गाव खाजाभाई म्हणत असे, पाथर्डीच्या जीपवर चालक होते. ते वारले. माझे आईवडीलही नाहीत. वारस दोघेच: मुलगी अलफिया, जी नगरला नर्सिंग शिकते, आणि धाकटा भाऊ अझहर रशीद मणियार, ज्याचे जामखेडला गॅरेज आहे.

२. घर आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे दोघांत निम्मी-निम्मी वाटली जावी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या खोलीचा पत्रा गळतो, तो ज्याच्या वाट्याला येईल त्याने पावसाळ्याआधी बघावा. अझहर बरेच पावसाळे “बघतो आपा” म्हणत आला आहे.

३. माझा जाड रेनकोट आमच्या गावची आशा कार्यकर्ती मनकर्णा हिला द्यावा. वस्त्यांवर लसीकरणाला जाताना ती माझ्यामागे बसायची. रोज सकाळी मी किक मारत असताना कंबरेवर हात ठेवून म्हणायची, “सिस्टर, ही गाडी हाय का म्हैस? गोंजारल्याबिगर देतच न्हाई.” रेनकोट तिला लांब होईल. खालून दुमडून घ्यावा, कापू नये.

४. मोटारसायकल, काळी, शंभर सीसीची, किकवर चालू होणारी. पतींच्या मागे ती माझ्या नावावर झाली. ती पूर्ण अलफियाला मिळावी अशी माझी इच्छा आहे. चालू कशी करायची हे अलफियाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण घाईत ती विसरते.

गार असताना चोक पूर्ण ओढ, ॲक्सिलरेटरला हात लावू नकोस, मग किक मार. तेवढ्यावर नाही झाली तर थांब. वाकून कार्बोरेटरपाशी वास घे. पेट्रोलचा उग्र वास आला तर तिने जास्त प्यायले आहे. चोक बंद कर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धर आणि सावकाश किक मार. वासच नसेल तर पेट्रोल पोचत नाही; टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा आहे का बघ, टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले आहे का बघ. वास बेताचा असेल तर प्लग काढून पूस. चिडून लाथेवर लाथ मारलीस तर ती आणखी बुडते. तुझे अब्बा एवढ्याचसाठी नाक लाव म्हणायचे.

५. चालू झाली तरी उभ्या जागी टिकत नाही, हा तिचा जुना आजार. चोक बंद केला, ॲक्सिलरेटरवरचा हात सोडला की फडफड करून बंद. एकदा आठवडे बाजाराच्या दिवशी चौकात अशीच बंद पडली. चारी बाजूंनी टोमॅटोच्या पाट्या आणि मधोमध मी. कोणीतरी म्हणाले, “सिस्टर, आता गाडीलाच सलाईन लावा.” मीही हसले. अझहर टपरीपाशी उभा होता, तो हसला नाही. गाडी घेऊन गेला आणि परत आणली तेव्हा ती उभ्या उभ्या गुरगुरत होती. त्याने रेसचा स्क्रू आवळून ठेवला होता, म्हणजे हात सोडला तरी इंजिन जोरात फिरत राहील.

“आता चार लोकांत बंद पडणार नाही,” तो म्हणाला.

“अरे, पण स्लो जेटमध्ये कचरा आहे. तो काढ ना.”

“आपा, पळतेय ना मस्त?”

“पळतेय. थांबत नाही.”

“थांबायचं कशाला तुला? थांबलीस की लोक बघतात.”

पुढच्याच आठवड्यात किल्ल्याजवळच्या उतारावर, खडीवर, मी हात सोडला तरी गाडी ओढतच राहिली. मनगट मोडले. दवाखान्यात अझहर म्हणाला, “सांगत होतो, हे बायकांचं काम नाही.” मी म्हटले, काम माझे होते, स्क्रू तुझा होता. तो म्हणाला, “गॅरेज कुणाचं आहे, तुझं का माझं?” तेव्हापासून तो ईदला येतो, बसतो आणि जातो.

प्लास्टर निघाल्यावर मी आणि अलफियाने अंगणात कार्बोरेटर उघडला. जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोकाची नळी, पेट्रोलने धुतला, फुंकर मारली, उन्हाकडे धरून भोक बघितले. मग रेस कमी केली. गाडी उभ्या जागी शांत चालत राहिली आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो. अलफिया, जेटमध्ये तार घालू नकोस, भोक मोठे होते.

अझहरने वाईट चिंतले होते असे मी म्हणत नाही. बहिणीवर हसणारी तोंडे त्याला बंद करायची होती आणि हाताशी तेवढा एक स्क्रू होता.

६. वकीलसाहेबांनी सांगितले की आमच्या कायद्यात एका वारसाला मृत्युपत्राने काही वेगळे द्यायचे तर दुसऱ्याची संमती लागते, तीही माझ्या मृत्यूनंतर दिलेली. अझहर नाही म्हणाला तर गाडीतही निम्मा हिस्सा त्याचा. मग तो ती विकेल. “पोरीला स्कूटी घेऊन देऊ” म्हणेल, आणि पुढे पोरीला स्कूटी तरी कशाला असे विचारेल. अलफियाला माझ्यासारखेच वस्त्यांवर काम करायचे आहे. तिकडे एसटी जात नाही.

वकीलसाहेबांनी सोपी वाट दाखवली: आजच गाडी मुलीला बक्षीस देऊन तिच्या ताब्यात द्या, भावाला विचारायचा प्रश्नच उरत नाही. मी नको म्हटले. त्यांनी पेन खाली ठेवले. “मग भांडण विकत घेताय, मॅडम.”

माझ्यामागे अलफियाला जवळचा म्हणून अझहर हा एकच माणूस उरणार आहे. त्याला वगळून दिली तर तिला गाडी मिळेल, मामा मिळणार नाही. उद्या ती आजारी पडली, तिचे लग्न ठरले किंवा मोडले, तर तिने कोणाचे दार वाजवायचे? म्हणून मला त्याच्याकडून होकार हवा आहे. समोर बसून मागायची ताकद राहिलेली नाही. गेल्या ईदला शब्द ओठांवर आले होते; तेवढ्यात त्याने शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि चप्पल शोधू लागला.

७. अझहर, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा तू खाली बघत असशील. संमतीची सही कर. गाडी नावावर करायला तुम्हाला नगरला आरटीओत जावे लागेल. ती टेम्पोत घालून नेऊ नकोस. अलफिया चालवेल, तिच्याकडे लायसन्स आहे. तू तिच्यामागे बस आणि भर दिवसा, तुझ्या गॅरेजसमोरूनच जा. तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे. तरी मागते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: बद्रुन्निसा खाजा तांबोळी

साक्षीदार:
१. कानिफनाथ रामभाऊ सुरवसे, प्राथमिक शिक्षक, खर्डा (सही)
२. देवश्री सुहास जोशी, औषध दुकान, खर्डा (सही)

ठिकाण: खर्डा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५