बुडवलेला डाव

लातूर, मंगळवार, एप्रिल

संध्याकाळी क्लबात ब्रिज. समोरच्या जोडीचा डाव हमखास होणार होता, म्हणून मी मुद्दाम न झेपणारी बोली लावली. आम्ही बुडालो, पण थोड्याच गुणांनी. त्यांचा डाव झाला असता तर फार गुण गेले असते.

माझे भिडू आमचे हेच, पाणीपुरवठ्याचे साहेब. खूश होऊन म्हणाले, "वा! दुपारी मीही हेच केलं. टँकरच्या ड्रायव्हरला, मारुतीला, सगळा दोष देऊन घरी बसवलं. आता चौकशी माझ्यापर्यंत येत नाही." सगळे हसले. मला शिसारी आली.

नवा जिल्हा, यांची नवी खुर्ची, आणि ऐन दुष्काळात वस्तीचा टँकर रिकामा झाला तो आमच्या हौदात. त्या दिवशी मारुती दारात म्हणाला होता, "बाईसाहेब, साहेबांचा हुकूम हाय. तिकडं लोक घागरी घेऊन बसून राहिले." मी काय केलं? हौद भरू दिला.

डावात मी निदान स्वतःचे गुण घालवले. यांनी मारुतीची नोकरी घालवली.

हौद अजून अर्धा आहे. घरी आल्यावर त्या पाण्यानं तोंड धुववेना.

उद्या चौकशीला बाहेरचे अधिकारी येतील. हौदाचं झाकण मीच उघडून दाखवणार. बुडालो तर बुडालो.