माझ्या पाण्याची बाजू

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, खोकलाही गेला. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

आमच्याकडे परीक्षेत आपला विषय जोडीदाराने मांडायचा असतो. पुढे जंगल-पाणी सांभाळायचं तर दुसऱ्याचं म्हणणं कळायला हवं, म्हणून. माझी पाण्याची बाजू, म्हणजे तळ्यातला उपसा थांबवावा ही, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडे होती, तिची अर्थशास्त्राची माझ्याकडे. तिला शिकवताना चहा पितापिता मी बोलून गेले, की तळ्याकाठच्या ज्या दोन विहिरींच्या मोजमापावर माझं म्हणणं उभं आहे, त्याबद्दल मलाच शंका आहे.

काल तिने सगळ्यांसमोर नेमकं तेच सांगितलं. वर, "हे तिचंच म्हणणं आहे." तळ्यातला उपसा थांबवायची माझी सूचना तिथेच बाद झाली. सर मात्र खूश. म्हणाले, दुसऱ्याचा विषय असा आतून कळला पाहिजे.

आई, केसाने गळा कापला गं तिने. खोलीत येऊन विचारते, "रागावलीस? मी तुझीच बाजू मांडली ना?"

तिनेही मला बरंच सांगितलं होतं. मी त्यातलं अक्षरही बाहेर काढलं नाही.

काळजी करू नकोस, जेवते वेळेवर. सुट्टीत एकटीच येईन. तिच्या मापाचा स्वेटर विणायला घेतलायस, तो उसव. लोकर चांगली आहे, बाबांच्या गुडघ्याला पट्टी होईल.

तुझी,
धाकटी