ठवकर सरांच्या गाडीतली जागा

८ जुलै, सोमवार

गाडी थांबली नाही.

दिघोरी नाक्यावर नेहमीच्या टपरीजवळ उभी होते. ठवकर सरांची पांढरी गाडी येताना दिसली, मी पर्स खांद्यावर घेतली, दोन पावलं पुढेही झाले. सरांनी समोर बघत गाडी नेली. मोनाली त्यांच्या बाजूला बसली होती. मागे पायल, आणि माझ्या जागेवर शाळेतले नवीन क्लार्क. टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्याची ती मान अजून डोळ्यांपुढे आहे.

भिवापूरला पोचेपर्यंत तिसरा तास सुरू झाला होता. स्टाफरूममध्ये सरांना विचारलं. पेपर वाचत होते. "मॅडम, मागं तिघं बसले की दाटी होते. आता जागा नाही. सांगणारच होतो."

सांगणारच होतो!

सगळ्यांच्या घरचं पेट्रोल वाचावं म्हणून चौघांनी मिळून एका गाडीनं जायचं, ही कल्पना माझी होती. त्या भरवशावर एप्रिलमध्ये माझी स्कूटी विकली. प्रेमानंदच म्हणाले होते, "एका घरात दोन गाड्या कायले पाहिजे?" आता त्यांची मोटरसायकल बुटीबोरीला कंपनीत जाते, आणि मी नाक्यावर.

९ जुलै

एसटी भरून आली, थांबली नाही. दुसरी आली, तिच्यात उमरेडपर्यंत उभी. मस्टरवर लाल शाईनं उशिराची खूण.

१२ जुलै

कारण सापडलं. जूनमध्ये सर गाडी चालवताना मोबाइलवर बोलत होते, मी म्हटलं होतं, "सर, नंतर बोला ना, पुढं ट्रक आहे." गाडीत सगळ्यांसमोर म्हटलं. तोच राग. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस दुसऱ्याला रस्त्यावर उभं करतो.

१९ जुलै, शुक्रवार

आज पुन्हा लाल खूण. मोनाली मधल्या सुट्टीत जवळ येऊन बसली, तिच्या डब्यातली वांग्याची भाजी माझ्या डब्यात घातली. "मले तुह्यासाठी किती वाईट वाटते वं सोनिका. मी बोलली सरांले, पण ते ऐकतच नाही."

शाळेत एवढी एक तरी माझी आहे. बारा वर्षांची मैत्री.

मोठ्या बाई ३१ तारखेला रिटायर होतात. प्राथमिक विभागाची इन्चार्ज कोण, यावर कुजबुज चालू आहे. मी किंवा मोनाली. बाई मागे म्हणाल्या होत्या, "तूच हो, तुला मुलं ऐकतात."

१ ऑगस्ट, गुरुवार

मोनालीला चार्ज मिळाला.

संस्थेचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "सोनिका मॅडमचं शिकवणं चांगलं आहे, पण इन्चार्ज माणूस प्रार्थनेच्या आधी शाळेत पाहिजे." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मोनालीनं मला मिठी मारली, तिचे डोळे भरून आले होते. तिचा काय दोष. तिला वेळेवर आणणारी गाडी होती, मला नव्हती.

ठवकर सर पेढा घेऊन माझ्यासमोर आले. मी घेतला. तोंडात टाकला नाही, बाहेर जाऊन कुंडीत टाकला. या माणसाला मी नाक्यावर उभं केल्याशिवाय राहणार नाही.

११ ऑगस्ट, रविवार

महिनाभराच्या एसटीनं एक दिलं, ओळखी. रोज तेच चेहरे. भिवापूरच्या दवाखान्यातल्या दोघी सिस्टर, नंदिनी आणि प्रेमिला. एक बँकेतली मुलगी. प्रत्येकीच्या घरी कोणीतरी गाडी काढून तिला नाक्यापर्यंत सोडतं, संध्याकाळी आणायला जातं. प्रत्येक घरात तीच कटकट, पेट्रोल.

आमच्या गल्लीतल्या विक्कीची व्हॅन आहे. लग्नाच्या सीझनमध्ये चालते, बाकी दारात उभी. त्याला विचारलं. म्हणाला, "ताई, रोजची सवारी पक्की असन तर मी कायले नाही म्हणू?"

प्रेमानंद सगळं ऐकत होते. विक्की गेल्यावर म्हणाले, "तू पेट्रोल वाचवून राहिली का बदला घेऊन राहिली?"

"दोन्ही."

ते उठून आत गेले. चहा त्यांनीच केला.

४ सप्टेंबर, बुधवार

व्हॅन सुरू. सक्करदऱ्याहून निघते, दिघोरी, पुढे उमरेड, भिवापूर. पहिल्या दिवशी चौघी. प्रार्थनेच्या आधी मी फाटकात होते. शिपाईसुद्धा म्हणाला, "मॅडम, आज लवकर?"

९ सप्टेंबर, सोमवार

मोनालीला आधी उचललं. मला वाटलं होतं ती सरांसाठी आढेवेढे घेईल. एका वाक्यात तयार झाली. "सरांच्या गाडीत एसी बी बंद राहते वं. खिडकीजवळची सीट देजो मले."

दिली.

११ सप्टेंबर

पायल आली. नवीन आहे, घाबरते. "सर रागावतील ना ताई?" मी म्हटलं, रागावू दे.

१८ सप्टेंबर

क्लार्क साहेबसुद्धा. गणपतीचा प्रसाद घेऊनच व्हॅनमध्ये चढले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ठवकर एकटे.

उमरेडच्या अलीकडे आमची व्हॅन त्यांच्या गाडीच्या बरोबरीनं गेली. पाच माणसांची गाडी, आत एक माणूस. मी खिडकीतून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी समोर बघितलं, त्या दिवशीसारखंच. माझ्या छातीत असं काही भरून आलं की पुढे घाट-वळणाचा रस्ता असता तरी मी चालत गेले असते. नंदिनी सिस्टर म्हणाली, "काहून हसून राहिली एकटीच?"

२९ सप्टेंबर, रविवार

घरातही फरक पडला. माझं बघून प्रेमानंदनी कंपनीच्या बसला नाव दिलं. मोटरसायकलवर कव्हर घातलंय. भाजी आणायला दोघं दोन सायकलींवर गेलो, ते पुढे, मी मागे, चढावर मी त्यांना गाठलं. रितिका दारात उभी राहून व्हिडिओ काढत होती. म्हणाली, आई, तू चांगली दिसतेस.

तरी मला आनंद त्याचा नाही. खरा आनंद सरांच्या रिकाम्या गाडीचा आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू.

७ ऑक्टोबर, सोमवार

आले. स्वतः आले.

मी वर्गाबाहेर वह्या तपासत होते. ठवकर सर खांबाजवळ उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या व्हॅनमधी एखादी सीट भेटते का? एकट्यानं गाडी आणणं आता जमून नाही राहिलं."

एक सीट रिकामी आहे. आम्ही तिच्यावर डबे आणि पर्सा ठेवतो.

मी वहीवरून मान वर केली नाही. "जागा नाही सर."

त्यांनी "बरं" म्हटलं. वाद घातला नाही, कारण विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारतील. विचारलं असतं तर सगळं बोलणार होते, जुलैपासून तोंडपाठ करून ठेवलेलं. ते तसंच आत राहिलं.

१४ ऑक्टोबर

सर मोटरसायकलवर. या वयात, पाठीला पट्टा बांधून. मोनाली खिडकीतून बघून म्हणाली, "आता समजलं असन सरांले." आम्ही दोघी हसलो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार



उमरेडच्या पुढे विक्कीनं एकदम ब्रेक मारला. रस्त्यावर गिट्टी पडली होती. मोटरसायकल आडवी, हेल्मेट बाजूला आणि रस्त्याच्या कडेला ठवकर सर बसलेले. उजवा हात भलत्याच दिशेला वळलेला. नंदिनी आणि प्रेमिला गाडी पूर्ण थांबायच्या आत उतरल्या. ओढणीनं हात बांधला. सर ओरडले नाहीत, फक्त विचारत होते, "गाडी रस्त्यात आहे का? कोणी धडकन तिले."

मी म्हटलं, व्हॅनमध्ये घ्या त्यांना.

मोनाली जागेवरच होती. तिनं घड्याळ पाहिलं. "ॲम्बुलन्स येतेच न. शाळेले उशीर होऊन राहिला."

मी डबे आणि पर्सा खाली लोटल्या. त्या सीटवर सरांना बसवलं, त्यांचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. घामानं आणि मातीनं भरलेलं डोकं. परत उमरेडच्या दवाखान्यापर्यंत ते एकदाच बोलले. "मॅडम, तुम्ही त्या दिवशी बरोबर बोलल्या होत्या. ट्रकचं. मी घरी जाऊन सांगतलं होतं, बाई बोलली म्हणून वाचलो."

म्हणजे तो राग नव्हता. मग काय होतं?

२७ ऑक्टोबर, रविवार

सरांच्या घरी गेले. प्रेमानंद सायकलवर सोबत आले, बाहेरच थांबले.

हातात सळई घातली आहे. सरांच्या बायको इंदूबाईंनी पाणी दिलं, बसल्या, आणि एकदम बोलायला लागल्या. "बाई, तुम्हाले गाडीतून काढाचं यांच्या मनात नव्हतं. चार दिवस जेवले नाहीत धड. पण यांच्यापुढं सरळच ठेवलं, त्या असतीन तर मी येत नाही, अन् पायललेबी येऊ देत नाही म्हणे. मंग गाडी एकट्यानं कशी चालवाची?"

"कोणी ठेवलं?"

सर पलंगावरून म्हणाले, "राहू दे वं इंदू. मीच ऐकलं न. दोष माहाच आहे."

त्या पेला घेऊन आत गेल्या. मी खूप विचारलं. सरांनी नाव घेतलं नाही. मी जागा नाकारली तेव्हासुद्धा त्यांनी घेतलं नव्हतं.

परत येताना प्रेमानंद विचारत होते काय झालं. मी सायकल त्यांच्या पुढे काढली. त्या गाडीत तेव्हा माझ्याशिवाय दोघीच होत्या. पायललाच येऊ देणार नाही म्हणणारी पायल नसणार. उरली ती, जिला नंतर चार्ज मिळाला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मोनाली सक्करदऱ्याला चढली, माझ्या बाजूला बसली. मी हळूच विचारलं, सरांना तू सांगितलं होतंस का, मला काढा म्हणून?

"कोणं सांगतलं तुले?" म्हणाली.

"खोटं आहे" एवढं मात्र नाही म्हणाली.