ह्यांचे तळहात आणि संजीवचे जॅकेट

मी, श्रीमती विजयमाला नंदलाल निमजे, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. कालच डॉक्टरांनी तपासले. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. शिसारी मात्र पुष्कळ आहे. ती कशाची, हे पुढे येईलच.

१. माझे पती कै. नंदलाल यांच्याविषयी आधी लिहिते, कारण बाकी सगळे तिथूनच निघते. ते हातमागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणत. त्यांचे तळहात माझ्या गालांपेक्षा मऊ होते. मोटारसायकल घेतली तेव्हा अंग झाकूनच बसायचे, असा मी हट्ट धरला. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर रोज सकाळी फाटकात उभ्या राहून सायकलवरच्या मुलींचे बूट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे तपासत. ती शिस्त माझ्या अंगात मुरली आहे. ह्यांनी स्वतः जाड सुती कापड विणले. मी ते तीन पदरी करून, कोपरांना आणि खांद्यांना कॅनव्हास लावून जॅकेट शिवले. नागपूरहून चामड्याचे हातमोजे आणले. ते सगळे घालूनच हे चार वर्षे बाजाराला जात. घरी येताच हातमोजे काढून दोन्ही हात माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "घे मोजून, दहाच्या दहा आहेत."

२. माझे दीर केवळराम यांना माझ्या मालमत्तेतील काहीही देऊ नये. नाकाडोंगरीला त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात ओरडून विचारले, "दादा, लग्नाले आला का सर्कशीत? हे अस्वल कायले पांघरून आला?" मांडव हसला. हेही हसले. जॅकेट आणि हातमोजे काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि बर्फाची लादी आणायला तुमसरला निघाले. अंगात रेशमी कुडता, पायात चप्पल, डोक्यावर हेल्मेट. वळणावर बारीक गिट्टी होती. गाडी फार तर तीसच्या वेगात घसरली. पडताना माणूस हात पुढे करतो. हेल्मेटला एक ओरखडा आला. तळहातांची कातडी रस्त्यावर राहिली.

"डोकं वाचलं ना वहिनी, मग बस झालं," असे भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, केळी ठेवली, चहा प्याला आणि गेला. त्या वाक्याची मला आजही शिसारी येते. चिकटलेली पट्टी सोडवताना येणारा वास त्यांच्यापैकी एकाच्याही नाकात गेला नाही. खड्यांचे काळे कण सहा महिने कातडीतून वर येत होते. तळहात भरले, पण खरखरीत. कोशाचा धागा त्यांना अडकून तुटायचा. हे जोडून घेत, पुन्हा तुटे. एक दिवस मागावर जुनी चादर टाकली. त्यानंतर नऊ वर्षे जगले, एकही साडी विणली नाही.

३. माग व सर्व धोटे शेजारच्या कुंताबाईंना द्यावेत. त्या अजून विणतात, आणि विणताना बेसूर गातात. दोन्ही चालू राहावे.

४. बँकेतील ठेव नात रुचिका हिच्या शिक्षणासाठी. ह्यांचे जॅकेटही तिलाच.

५. आता माझा मुलगा संजीव. तो चिखल्याला खाणीत नोकरी करतो. तिथे दिवसभर टोपी, बूट, हातमोजे घालतो. त्याशिवाय आत सोडतच नाहीत. पाळी संपली की ते सगळे तिथेच ठेवतो आणि हाफ पँट आणि रबरी चप्पल घालून मोटारसायकलने घरी येतो. गिअरवरची ती उघडी, धुळीने माखलेली पायाची बोटे पाहून मला किळस येते. मी घेऊन दिलेले जॅकेट, बूट, हातमोजे दोन वर्षांपासून कपाटावर पिशवीत आहेत. "आई, किती उकडून राहिलं! इतकं घालून मी वाफेनंच मरीन." जॅकेट जाळीचे आहे, हवा खेळते. पिशवी उघडली असती तर त्याला ते दिसले असते.

मागच्या महिन्यात रुचिकाला फ्रॉकवरच मागे बसवून नेले. सायलेन्सर पोटरीला लागला. पुरीएवढा फोड. बापाने वर टूथपेस्ट फासली. मी ती धूत होते तेव्हा पोर कुजबुजली, "आजी, बाबाले बोलू नको ना. मग ते मले गाडीवर नेणार नाहीत." दहा वर्षांची मुलगी, पाय भाजलेला, आणि बापाची बाजू घेते. त्याच दुपारी मी वकिलांकडे गेले.

६. मोहाडीचे माझ्या नावावरील घर, अंगण व विहिरीसह, मी सून हर्षा हिला एकटीच्या नावे देते. संजीव अंग न झाकता गाडीवर निघाला तर त्याला घराबाहेर काढावे, अशी अट मला हवी होती. वकील हसले. "मावशी, हे रोज तपासणार कोण?" हर्षा तपासेल. घर तिचे, आणि गाडीची किल्लीही तिच्याजवळ राहील. संजीव, तू रागावशील. रागाव. तुझ्या पट्ट्या बदलायला मी नसेन, आणि हर्षाच्या वाट्याला तो वास यावा असे मला वाटत नाही.

७. हे कलम मी गेल्यावर वाचून उपयोग नाही, म्हणून हर्षाकडून आजच पाठ करून घेतले आहे. माझा श्वास थांबला की ती संजीवला फोन करील. तो असेल तसा निघेल, मी त्याला ओळखते. त्याची शाळा सुटायची तेव्हाही दप्तर, चपला विसरून माझ्याकडे पळत यायचा. म्हणून कपाटावरची ती पिशवी हर्षाने उद्यापासूनच त्याच्या गाडीला बांधून ठेवावी. फोनवर तिने आधी बुटांचे, जॅकेटचे आणि हातमोज्यांचे सांगावे, ते घातल्याची खात्री करावी, मगच माझे सांगावे. त्याने सावकाश यावे. तो येईपर्यंत कोणीही, कितीही मोठा मानकरी असला तरी, मला उचलू नये. अंधार पडला तरी चालेल. मला कुठे जायची घाई नाही.

सही: विजयमाला नंदलाल निमजे

साक्षीदार:
१. जनाबाई मेश्राम, निवृत्त परिचारिका (पट्ट्या ओल्या करून सोडवायला यांनीच मला शिकवले)
२. कुलदीप बांते, औषध विक्रेते

मुक्काम मोहाडी, दिनांक ९ जून २०२५