बाबांच्या नावावरचे वळ

आई, मी तुझ्यावर रागावलेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग नवा आहे, गेल्याच महिन्यातला. परळला डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडावरचे काळेनिळे डाग बघितले, ह्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटून हळूच विचारलं, "घरी कोणी हात उचलतं का?" ज्या माणसाने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही, तो बाहेर बाकावर माझी पर्स सांभाळत बसला होता. मला बाबा आठवले आणि माझं डोकंच फिरलं.

संपाचं ते दुसरं वर्ष. गिरणीचा भोंगा बंद, बाबा घरी, आणि तुझी बोटं सुजलेली. खाणावळीच्या भाकऱ्या थापून थापून सुजलीत असं सगळे म्हणायचे, तूही म्हणायचीस. संक्रांतीच्या आधी चाळीत कासारीण आली. तिने तुझा पंजा दाबून बांगड्या चढवल्या आणि संध्याकाळपर्यंत मनगट जांभळं झालं. मग मांडीवर, पाठीवर, कुठे काही लागलेलं नसताना डाग उठायला लागले. नळावर बायका बघायच्या. संपातल्या चार घरांत मारहाण चालूच होती, त्यांनी आपलं पाचवं धरलं. शेजारच्या मावशींनी बाबांना भर गॅलरीत गाठलं. "संप गिरणीचा हाय, बायकोवर कशाला काढतोस रे?" बाबा म्हणाले, "मी हात लावूक नाय गो तिका." तू आत तवा पुसत होतीस. ऐकू आलं होतं तुला. तू बाहेर आली नाहीस.

हे डाग दुखण्याचे आहेत हे तू सांगत का नाहीस, असं मी विचारलं तेव्हा तू मलाच दटावलंस. "गप रव. रक्ताचा दुखणा म्हटल्यार तुका कोण करून घेतलो?" म्हणजे नवरा मारतो हे चाळीला चालत होतं, बाई आजारी आहे हे चालणार नव्हतं. आणि तुझा हिशेब असा की मारकुटा बाप असला तरी पोरगी खपते. माझ्या लग्नासाठी तू माझ्या बापाला विकलंस, आई. मी चौदा वर्षांची होते, मला लग्नच नको होतं.

मग ती दाढ. लालबागच्या नाक्यावर काढून आलीस आणि रक्त थांबेना. टॉवेल भिजला, दुसरा भिजला, टॅक्सी करून बाबांनी तुला हॉस्पिटलात नेलं, मावशी आणि मी बरोबर. तिथला डॉक्टर विचारतो, "अंगावर हे कशाचे डाग?" बाबांनी तोंड उघडायच्या आत मावशी सांगून मोकळ्या, "नवरा मारतो." डॉक्टर तुझ्याकडे बघतो. तू शुद्धीवर आहेस, तोंडात कापूस आहे, पण मान तर हलवता येते. तू छताकडे बघत राहतेस. तिकडे तुझं रक्त वाहतंय आणि इकडे हवालदार बाबांना विचारतोय, कशाने मारलंस. तुझं रक्त का गोठत नाही, हे विचारायला कोणाला सवडच झाली नाही. सकाळी तू गेलीस. तुझ्या तेराव्याला चाळीतलं एकही माणूस आपल्याकडे जेवलं नाही. बाबांनी भरलेली पातेली झाकून ठेवली. पुढे वॉचमनकी करत ते गेले, तेही मारकुटा म्हणूनच.

आता ऐक. तुझी बोटं भाकऱ्यांनी सुजली नव्हती; तुझे सांधे धरले होते, तेच माझे धरलेत. त्या आजारात शरीर आपल्याच माणसांवर उलटतं आणि कधीकधी रक्त गोठवणारं जे काही असतं, त्यालाही शत्रू समजून मारतं. माझं रक्त तपासलं, गोळ्या चालू आहेत, डाग फिके होतायत. तुझ्या वेळी काही करता आलं असतं का, हे डॉक्टरीणबाई सांगू शकल्या नाहीत. पण कोणी बघितलं तरी असतं. आणि रक्ताचं हे दुखणं जन्मापासूनचं नव्हे, मागाहून जडलेलं, आईकडून मुलीला जाणारं नव्हे, दोघींना झालं हा योगायोग, असं त्या म्हणाल्या. ज्या भीतीपायी तू गप्प बसलीस, ती भीतीच खोटी होती. मी दवाखान्यात रडले ते दुःखाने नाही, संतापाने.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. पिठाच्या डब्याखाली राहील, नाहीतर चुलीत जाईल. पण एक सांगून टाकते. उद्या तुझ्या नातीचा चुडा भरायचा आहे. कासार घरी येणार आहे, तिच्या सासरच्या बायका येणार आहेत, आणि वरमाईसमोर मलाही हात पुढे करावा लागेल. मघाशी मी लेकीला बजावलंय, कोणी विचारलं तर सांग, आईला काच सोसत नाही, अंगावर पुरळ उठतं. तिने विचारलं, "आणि बाबांना कोणी काही बोललं तर?" मी भाजी चिरत राहिले.