प्लास्टरच्या हातांनी धाडलेला निरोप

प्रिय ठकूबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. बाबाने पेन हातात धरलं म्हणजे एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर बाबाचं डोकं फिरलं. दोन्ही नाही. तुझं लग्न झालं त्याला चार महिने झाले आणि तेव्हापासून तू माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाहीस. तुझी आई गेल्यापासून आपल्या घरात माणसं दोन, त्यातलं एक बोलत नाही. म्हणून कागद घेतला. फाडण्याआधी पुरता वाच, एवढंच.

या बेटावर येताना वाटलं होतं, आधी भाषा लागेल. आधी लागलं ते बोटीचं अ‍ॅप. आज बोट सुटणार का, कोणत्या धक्क्यावरून, किती उशिरा, सगळं त्यात कळतं. मग वाऱ्याचं घेतलं. चार वाजून दहा मिनिटांनी वारा वाढेल असं ते सांगतं आणि मी खुळ्यासारखा घड्याळ घेऊन गॅलरीत उभा राहतो. चार-बाराला टॉवेल उडतो. मधली दोन मिनिटं वारा कुठे रेंगाळला, या विचारात माझा चहा गार होतो. कचऱ्याचंही एक आहे: सोमवारी काच, बुधवारी कागद. वार चुकला की घरमालकीण पिशवी परत माझ्या दाराशी आणून ठेवते आणि वर गोड हसते. आवाजावरून पक्षी ओळखणारं एक आहे. त्याला मी स्वयंपाकघराच्या दाराची करकर ऐकवली, तर त्याने एका बदकाचं नाव सांगितलं, तेही ब्याण्णव टक्के खात्रीने! तेव्हापासून त्या दाराला तेल घालायला मन होत नाही.

काम तेच, कवळ्या बनवण्याचं. दवाखान्याच्या मागची खोली, एक खिडकी, घासायची मोटर आणि मेणाचा वास. गेल्या महिन्यात एक म्हातारा नावाडी आला. त्याला नव्या कवळीतही पुढच्या दोन दातांमध्ये फट हवी होती, कारण फटीशिवाय त्याला शीळ घालता येत नाही. आता शिळेला फट किती लागते, हे कोणत्या अ‍ॅपाला विचारू? चार वेळा घासली, चार वेळा त्याने फुंकून बघितलं, नुसती हवा. पाचव्यांदा शीळ अशी वाजली की बाहेर बसलेले पेशंट दारात जमले. तू असतीस तर पहिली तू आली असतीस, मला माहीत आहे.

दिवसभर हात कवळीच्या साच्यांच्या प्लास्टरने माखलेले आणि चष्मा कपाळावर, त्यामुळे फोनवर टाइप करणं जमत नाही. मी मराठीत बोलतो, तो लिहून घेतो. सांगितलं तर इथल्या भाषेत मोठ्याने वाचूनही दाखवतो. याच लाडक्या सोयीने मागच्या आठवड्यात घोटाळा केला. त्या नावाड्याची कवळी पॉलिश करायला परवा सुट्टीच्या दिवशी याल का, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी मोटर चालू ठेवूनच फोनला म्हटलं, परवा नाही मला जमणार. फोनने वाचलं आणि बाई लालबुंद. भर कामात म्हाताऱ्याची मला पर्वा नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो म्हणे! चष्मा नाकावर ओढून बघितलं. ‘परवा’चं ‘पर्वा’ झालं होतं आणि ‘जमणार’ मोटरने गिळलं होतं. मी खाणाखुणा करून समजावलं, तेव्हा बाई पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, अहो, आणखी कुणाकुणाला काय काय कळवलंय ते एकदा बघा.

मी हसत हसत बघायला लागलो. तुझ्या नावाशी येऊन थांबलो. ‘बाबा, परवा लग्नाच्या सह्या करतोय आम्ही. याल ना?’ आणि त्याखाली माझं उत्तर: ‘पर्वा नाही गं मला.’ ठके, मी मोटर बंद केली. मी म्हणालो होतो, परवा नाही गं मला जमणार, वाऱ्याने तीन दिवस बोटी बंद आहेत, सह्या चार दिवस पुढे ढकला, मी येतोच. तुला पोचले ते चार शब्द. पण सगळं खापर मोटरवर फोडत नाही. दोनच दिवस आधी सांगितलंस म्हणून मी फुगलो होतो. तू गप्प राहिलीस तर मीही वाऱ्याचे आणि बदकाचे फोटो पाठवत राहिलो, एकदाही फोन लावला नाही. साधा फोन लावायला कुठलं अ‍ॅप लागतं? मागच्या आठवड्यात हे वाचलं त्या दिवशी लावला, तीनदा. तू उचलला नाहीस, आणि तुझं बरोबर होतं. रजा मिळाली आहे, बोटीचं तिकीट काढलं आहे. वीस तारखेला सकाळी तुझ्याकडे पोचतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाहीच उघडलंस तर मी जिन्यात बसून राहीन; जावई कधीतरी कामाला निघतीलच, त्यांच्याशी तिथेच ओळख करून घेईन.

अजूनही तुझाच,
बाबा