बूड टेकण्यापुरतं सिंहासन

वडसा, बाजाराचा दिवस

आदरणीय गुणवंतराव भाऊजींना धाकट्या साळ्याचा, म्हणजे मुखरूचा, शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे, कमळाताईची शुगर किती आली, आणि तुमचा तो गोऱ्हा अजून पोस्टमनच्या मागे लागतो का, हे सविस्तर कळवावं.

ताईने मोबाईलवर विचारलं आहे की एका स्टुलासाठी एवढा गाजावाजा कायले, बाजारातून आणलं असतं. म्हणून आधी त्या स्टुलाचा खरा खर्च सांगतो. एक सागवानी फळी. नाटक कंपनीच्या सिंहासनाचे दोन सिंह (प्लायवूडचे, पण चेहरे खानदानी). कॉलेजच्या अंगणातली एक शेवंतीची कुंडी. माझ्या कोपराचं सालपट. आणि कंपनीचे मालक चंदनभाऊ यांचा अबोला, जो अजून चालू आहे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरेल असं दिसतं. पैशात म्हणाल तर काहीच नाही. पैशात झाला असता तर स्वस्तात सुटलो असतो.

आता तुमच्या रागाकडे वळतो. तुमचं म्हणणं असं की फोनवर मी "हो हो, अगदी" म्हणून तुमच्या दिव्यानीला घरी आणून सोडायचं कबूल केलं, आणि पोरीऐवजी तांदळाचा कट्टा पाठवला. भाऊजी, "हो" मीच म्हणालो, तांदूळही मीच पाठवला. त्याचा खुलासा यथावकाश येईल. पण तुम्ही रविवारी गाडी करून येणार, पोरीचं नर्सिंग कॉलेजातलं नाव काढणार आणि तिला भद्रावतीला झेरॉक्सच्या दुकानात बसवणार, हे वाचलं आणि मी ताबडतोब कागद घेतला. (फोन का केला नाही म्हणाल, तर काही गोष्टी कागदावरच शोभतात.)

मुळात घडलं ते असं. आपली दिव्यानी पहिल्यांदा वॉर्डात ड्युटीला गेली. उजवा पाय जन्मापासून आखूड, त्याला आधाराचं ते लोखंडी कॅलिपर. पोर चालते झकास, पण एका जागी फार वेळ उभी राहिली की पाय बधिर होतो. त्या दिवशी पलंगामागून पलंग करता करता पाय झोपला, आणि ती कलाबाई नावाच्या एका म्हातारीच्या पलंगाच्या कडेला टेकली. सिस्टर लोकांच्या शास्त्रात पेशंटच्या पलंगावर बसणं म्हणजे देवळात चप्पल घालून गाभाऱ्यात शिरणं. तिला शिकवणाऱ्या पुनम सिस्टर तेवढ्यात आल्या. त्यांनी वर कळवलं, वरून तुम्हाला फोन गेला, आणि तुम्ही तिकडे झेरॉक्स मशीनची चौकशी सुरू केली. इकडचा पालक मीच, म्हणून प्राचार्य मॅडमनी मला भेटायला बोलावलं.

माझे कान तुम्हाला माहीत आहेत. सायकलला भोंगा बांधून लोकांची लग्नं वाजवत हिंडत होतो, तेव्हापासून या कानांनी मला पोसलं. मंडपात नाटक ऐन रंगात आलेलं असतं, हजारो माणसं बसलेली असतात, आणि मी मशीनपाशी बसल्या बसल्या सांगतो की मागच्या सतरंजीवर कोणाच्या सोयरिकीची बोलणी चालली आहेत. आज वडशात माझे दोन टेम्पो, तीन मंडप आणि लाइटिंगचं सामान आहे ते सारं कानांच्या जिवावर. तर अशा कानांनी मी मॅडमचं बोलणं ऐकलं. त्या म्हणाल्या (मूळच्या तिकडच्या, नाशिककडच्या, बोलणं इस्त्री केलेलं) की दिव्यानीला काढण्याचा प्रश्नच नाही, तिला रिझनेबल अकोमोडेशन द्यावं लागेल, आपण सगळे मिळून बघू. एक अक्षर सुटलं नाही. अकोमोडेशन म्हणजे खोली, हे बसस्टँडसमोरच्या लॉजच्या पाटीवर लिहिलेलं आहे. रिझनेबल म्हणजे भाव कमी, तेही त्याच पाटीवर आहे. मी मनात म्हटलं, पहा ही शहरी माणसं, किती गोड शब्दांत पोरीला होस्टेलच्या बाहेर काढून राहिली.

आता हिवाळ्यात वडशात खोली शोधणं म्हणजे काय, हे तुम्हाला भद्रावतीच्या कॉलनीत बसून कळायचं नाही. दिवाळी झाली की गावातली खोली न् खोली नाटकवाल्यांनी भरते. एका खोलीत राजा, प्रधान आणि त्यांच्या मिशांचे डबे. दुसऱ्या खोलीत नायिका आणि तिची आई. मी चंदनभाऊंच्या हातापाया पडलो. त्यांनी त्यांच्या खलनायकाला खोलीतून उठवून पडद्यांच्या गोदामात झोपवलं. (खलनायक स्वभावाने इतका गरीब की जाताना खोली झाडून गेला, आणि "बाईले उदबत्ती लागन" म्हणून एक पुडाही ठेवून गेला.) मग मी आणि माझा ड्रायव्हर कुलदीप टेम्पो घेऊन थेट होस्टेलच्या फाटकात. मी दिव्यानीची पेटी उचलायला सांगतो आहे, वॉर्डन बाई मला कोणत्यातरी बँकेचा वसुलीवाला समजून दार लावते आहे, आणि व्हरांड्यात पोरींची गर्दी. त्या गर्दीतून आपली दिव्यानी आली.

"मामा, हे काय करून राह्यले?"

"तुले न्याले आलो. मॅडमच म्हने, रिझनेबल अकोमोडेशन द्या."

पोर माझ्याकडे पाहतच राहिली. मग पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. "अवो मामा, राह्याची सोय नोय, कामाची सोय! मले शिकाले, काम कराले जे लागते, ते कॉलेजनं द्याचं!" व्हरांडा हसला, वॉर्डन हसली, आणि कुलदीप स्टिअरिंगवर डोकं ठेवून असा हसला की त्याच्या कपाळाने हॉर्न वाजत राहिला. मॅडमनी नुसतं "सोय" म्हटलं असतं, तर भाऊजी, एक खलनायक स्वतःच्या अंथरुणात झोपला असता.

दुसऱ्या दिवशी खरी बैठक बसली. मॅडम, पुनम सिस्टर, मी आणि दिव्यानी. पुनम सिस्टर म्हणाल्या, तिला रजिस्टर लिहायचं काम देऊ. मी म्हटलं, बॅटरीवर चालणारी खुर्ची आणू, वरून लाइट लावून देतो. त्या म्हणाल्या, वॉर्ड म्हणजे मंडप नाही. मी म्हटलं, मंडपात माणसाला निदान बसायला तरी मिळते. असं आमचं दोघांचं छान रंगलं होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, आपण हिला विचारलंच नाही. खरंच विचारलं नव्हतं. पोर मधल्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या डोक्यावरून आमचं बोलणं टेनिसच्या चेंडूसारखं जात होतं.

ती म्हणाली, "रजिस्टर लिवाले मी नर्स होऊन नाई राह्यली. ड्रेसिंग, इंजेक्शन, पलंग, सारं मी उभ्यानंच करतो. फक्त मधात मधात बुड टेकाले पाह्यजे. पलंगावर बसू नोको म्हनता, मंग कुठी टेकू? एक उंच स्टूल द्या, माह्यासंगं फिरनारं."

पण पुनम सिस्टर हरल्या नाहीत. त्यांनी विचारलं, छाती दाबून श्वास परत आणायची परीक्षा जमिनीवरच्या पुतळ्यावर असते, गुडघे टेकून. कॅलिपर घालून ते कसं करशील? दिव्यानी म्हणाली, "वॉर्डात पेशंट पलंगावर असते ना, सिस्टर? पुतळा पलंगावर ठेवा." सिस्टर म्हणाल्या, "पावसाळ्यात ये वॉर्डात, मग पाह्य किती पलंगावर असते अन् किती खाली!" शेवटी ठरलं ते असं: परीक्षेत पुतळा पलंगावर, आणि जमिनीवरचंही तिने आपल्या पद्धतीने, पाय बाजूला पसरून, बसवून घ्यायचं. ते तिने पुढे पुनम सिस्टरकडूनच शिकून घेतलं. दोघी रोज संध्याकाळी पुतळ्यासमोर, आणि सिस्टरचं "अजून जोरात, अजून!" फाटकापर्यंत ऐकू यायचं.

स्टुलाची जबाबदारी मी घेतली. इथे माझा स्वभाव नडला. आपली भाची, तिचं स्टूल, मग ते लाकडाच्या ठोकळ्यासारखं कसं चालेल? चंदनभाऊंच्या कंपनीत एक जुनं सिंहासन पडून होतं, दोन्ही हातांना सिंह, पाठीला लाल मखमल. (पडून होतं असं मला वाटलं. त्याच आठवड्यात त्यावर एका राजाला बसायचं होतं, हे मागून कळलं, आणि अबोल्याचं मूळ तिथे आहे.) ते मी उंच केलं, खाली स्पीकरच्या पेटीची चार चाकं लावली आणि कॉलेजात नेलं. कॉलेजच्या दारात मॅडमनी नुकताच सिमेंटचा उतार करून घेतला होता. मी सर्वांना म्हटलं, पाहा कसं चालतं, आणि वर बसलो.

ते चाललं. मी अशा दिमाखात निघालो की उतारावरून येणाऱ्या पोरी आपोआप दोन्ही बाजूंना झाल्या आणि शिपायाने चक्क नमस्कार केला. राजाला थांबवायला प्रधान असतो. मला शेवंतीच्या कुंडीने थांबवलं. एक सिंह तिथेच धारातीर्थी पडला, दुसऱ्याचा जबडा आजही कॉलेजच्या अंगणात सापडेल. दिव्यानी लंगडत धावत आली, माझं कोपर धुतलं, पट्टी बांधली (काय सुरेख बांधते हो, कुठे घडी नाही), आणि मग म्हणाली, "मामा, मले सिंहासन नाई पाह्यजे. मले फक्त बुड टेकाले जागा पाह्यजे."

मग तेच केलं. सिंह काढले, मखमल काढली. मागच्या पायांना दोन चाकं, पुढच्या पायांना कुबडीच्या रबरी टोप्या. तिरपं केलं की चालतं, सरळ ठेवलं की हलत नाही. बसायची फळी तिने स्वतः बसून, उठून, पुन्हा बसून ठरवली. मी फक्त करवत धरली.

भाऊजी, त्या स्टुलाने वॉर्डात काय केलं ते ऐका. तीच कलाबाई, जिच्या पलंगावर बसण्यावरून एवढं झालं, ती दिव्यानीला म्हणाली, "बाकीच्या बाया उभ्यानं येते अन् उभ्यानं जाते. तू बसतं, म्हून तुले सांगतो." आणि पानाच्या चंचीतून न गिळलेल्या गोळ्यांची पुडी काढून दाखवली. कडू लागतात म्हणून म्हातारी त्या सुपारीत लपवत होती. तेव्हापासून ते स्टूल ड्युटीवरच्या सिस्टरांमध्ये असं फिरतं की दिव्यानीला आपलंच स्टूल शोधत हिंडावं लागतं.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी कपाळाला आठ्या घालून स्टुलाकडे पाहिलं. दुपारपर्यंत पोरी पुतळ्याची छाती दाबत होत्या आणि बाई उभ्या होत्या. दिव्यानीचा नंबर आला तेव्हा बाई स्टुलावर बसलेल्या. "मॅडम, थोडंसं उठता का? माह्यं हाय ते." बाई उठल्या. पोरीने पुतळ्याची छाती अशी दाबली की पुतळ्यातला, दाब बरोबर पडला की लागणारा हिरवा दिवा एकदाही विझला नाही. पास! पुनम सिस्टर बाहेर येऊन मला म्हणाल्या, मार्क सांगायचे नसतात, पण तुम्ही पेढे आणायला हरकत नाही. हे बोलताना त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि धूळ फार आहे म्हणाल्या. वॉर्ड नुकताच पुसलेला होता.

असो. पत्र लांबलं. ताईला नमस्कार, गोऱ्ह्याला दुरून.

आपला,
मुखरू

ता. क. रविवारी गाडी करून या, नक्की या. त्याच दिवशी नर्सिंगच्या पोरींचा दिवे लावून शपथ घ्यायचा कार्यक्रम आहे. पुढच्या रांगेत तुमच्या दोघांच्या खुर्च्या धरल्या आहेत. परत जाताना गाडीत तुम्ही दोघंच असाल. साऱ्या पत्राचा मतलब एवढाच.

पुन्हा ता. क. पोरीला सुट्टीत घरी न्या. त्याआधी तुमच्या ओट्याच्या पायऱ्यांना एक लोखंडी दांडा बसवा. ती लहानपणापासून भिंत धरत चढते. मी तिला म्हटलं, कधी सांगितलं काऊन नाही? म्हणाली, कोणी विचारलंच नाही.

आणखी एक. "हो हो" आणि तांदळाचा खुलासा. परवा पोरींना कान तपासायला शिकवत होते, माणूस कमी पडला, म्हणून मी बसलो. दिव्यानीने तो वाजणारा चिमटा उजव्या कानापाशी धरला, छान वाजला. मग डाव्यापाशी धरला. मी म्हटलं, वाजव आता. ती म्हणाली, "वाजूनच राह्यला मामा." डॉक्टर म्हणाले, जन्मभर भोंग्याजवळ बसणाऱ्याचं असंच होतं, मशीन लावावं लागेल. तुम्ही फोनवर पोरीबद्दल विचारत होतात. मला वाटलं, नवा तांदूळ मागता. फोन मी डाव्या कानाला लावतो.